रोज लोकांचे पीसी फॉरमॅट मारतो, आता स्वतःची ओएस बनवू का?

पत्र : ताई, माझं बार्शीत कॉम्प्युटर रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. वय ३७. आयटीआयला कोपा केलंय, डिग्री नाही. गिऱ्हाईक पीसी आणतं, मी डेटा काढून घेतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, काम होतं, पैसे मिळतात. पण खरं सांगू का, आत नेमकं काय चालतं ते मला माहीत नाही. परवा बारावीच्या एका पोराने विचारलं, "काका, विंडोजच नसेल तर चालू केल्यावर कॉम्प्युटर करतो काय?" आणि मला धड सांगता येईना. तेव्हापासून डोक्यात बसलंय की स्वतःची ओएस, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम, बनवायची. यूट्यूबवर कोणी म्हणतं उबंटू या फुकट लिनक्स ओएसवर आपलं नाव टाका, झाली ओएस. कोणी म्हणतं लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करा. कोणी म्हणतं आधी असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची अगदी खालची भाषा, शिका. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट बंद झाल्यापासून जुने पीसी ढिगाने येतायत, तर माझी मराठी नावाची ओएस बनवून त्यांच्यात टाकली तर चालेल का? सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही, इंग्रजी यथातथाच. बायको म्हणते दुकान सोडून हे काय खूळ.
– एक वाचक, बार्शी

दादा, नमस्कार.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे ताटकळायला नको. ओएस बनवा, नक्की बनवा, लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्याच वाटेने बनवा, पण गिऱ्हाईकाच्या पीसीत टाकू नका. एकाच्याही नाही. का ते खाली येतंच.

त्या पोराचं उत्तर आधी देऊन टाका, कारण त्यातलं अर्धं तुम्ही रोज डोळ्यांनी बघताय. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे तिथे कायमचा बसवलेला छोटा प्रोग्रॅम, जागं होतं, रॅम-कीबोर्ड-डिस्क जागेवर आहे का बघतं, आणि मग पुढचा ताबा कोणाकडे द्यायचा ते शोधायला लागतं. जुन्या, बायोस नावाच्या फर्मवेअरच्या मशीनमध्ये ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं, त्यातल्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण आहे का बघतं, असेल तर तो तुकडा रॅममध्ये ठेवून त्याला पळवतं, नसेल तर पुढची डिस्क. नव्या यूईएफआयच्या मशीनमध्ये फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन असतं (तुम्ही फॉरमॅट मारताना "हे १०० एमबीचं काय मध्येच" म्हणून बघितलं असेल तेच), त्यात ईएफआय फाइल शोधतं. कुठेच काही नाही सापडलं की ती तुमची ओळखीची ओळ येते, नो बूटेबल डिव्हाइस. म्हणजे विंडोज नसलं तरी कॉम्प्युटर चांगला जागा असतो, नुसता कामाला लावणारा कोणी नसतो.

आता तुम्ही ज्या तीन वाटा लिहिल्यात त्या बघू. पहिली, उबंटू किंवा मिंट अशी तयार लिनक्स घेऊन वॉलपेपर, लोगो, नाव बदलायचं आणि आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, बनवायची. हे एका रविवारचं काम आहे आणि त्यात वाईट काहीच नाही, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्ससुद्धा डेबियन या तयार लिनक्सवरच उभी आहे. पण त्यांना ती लोकांना वापरायला द्यायची होती, तुम्हाला आत काय चालतं ते बघायचंय. पाटी बदलून आतलं कळत नाही. तिसरी वाट, पहिल्या बाइटपासून स्वतःचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ओएसचा गाभा, लिहायचा. लोक यावर लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं उदाहरण देतात, हेलसिंकीचा विद्यार्थी, घरात ३८६ चा पीसी, २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने सांगितलं की मी एक ओएस करतोय, फक्त हौस म्हणून. खरंय. पण त्याला तेव्हा सी आणि ३८६ ची असेंब्ली दोन्ही येत होतं, समोर मिनिक्स नावाची छोटी ओएस होती जी टॅनेनबॉमसरांनी १९८७ मध्ये मुद्दाम शिकवण्यासाठीच केली होती, आणि त्याने लिहिला तो कर्नल, कंपायलर (कोडमधून प्रोग्रॅम बनवणारा) आणि शेल (आपल्या कमांड घेणारा) तर जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाकडून आले, ज्याची घोषणा स्टॉलमनने १९८३ मध्येच केलेली. एकट्याने सगळं असं त्यानेही केलेलं नाही. तुम्हाला सी येत नाही तर ही वाट आज नको, ती पळून जात नाही.

राहिली मधली. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, लोक एलएफएस म्हणतात, हे डाउनलोड करून टाकायचं ओएस नाहीच मुळी, ते एक पुस्तक आहे, फुकट, गेरार्ड बीकमन्सने १९९९ मध्ये सुरू केलेलं आणि दर मार्च-सप्टेंबरला नवी आवृत्ती येते. त्यात काय असतं तर ८० च्या आसपास पॅकेज आहेत त्यांचा सोर्स कोड उतरवायचा, सगळं मिळून अर्ध्या जीबीच्या आसपास, आणि एकेक करून स्वतः कंपाइल करून रिकाम्या पार्टिशनमध्ये बसवायचं, शेवटी कर्नल, शेवटी त्याला उठवणारा ग्रब, आणि रीबूट. सिस्टमडीवाली (चालू होताना बाकीचे प्रोग्रॅम सुरू करून देणारा तो सिस्टमडी) आवृत्ती घ्या, मिंट-उबंटू-डेबियन सगळीकडे तेच असतं त्यामुळे शिकलेलं दुकानातही लागू पडेल. सी यावी लागत नाही. लिनक्सची कमांड लाइन मात्र यायला हवी, आणि ती येत नसेल तर आधी महिनाभर दुकानातला तुमचा स्वतःचा पीसी मिंटवर चालवा, बिलं-बिलं राहू देत दुसऱ्यावर.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. कथा-कादंबरी नाहीये ती, "हे एक्स्ट्रॅक्ट करा, त्या फोल्डरमध्ये जा, ही कमांड द्या" असली वाक्यं ८० वेळा येतात, दहाव्या पॅकेजला तुम्ही न वाचता ओळखाल. अवघड भाग प्रस्तावनेसारख्या दोन-तीन प्रकरणांत आहे, तिथे कॉलेजातलं एखादं पोरगं शेजारी बसवा, त्या बारावीवाल्यालाच बसवा की.

मशीनबाबतीत तुम्ही कॉलेजच्या पोरांपेक्षा श्रीमंत आहात. पुस्तक म्हणतं ४ कोर आणि ८ जीबी रॅम असावी, त्याहून कमी असेल तरी होतं पण वेळ फार जातो. दुकानात पडलेल्या डीडीआर३ च्या पट्ट्यांतून ८ जीबी जमवा, जुना आय३ किंवा आय५ घ्या, एसएसडी लावा, पार्टिशन १० जीबीत भागतं पण ३० द्या. एक मात्र ऐका, ही मशीन फक्त याच कामाची. गिऱ्हाईकाची डिस्क तिला चुकूनसुद्धा जोडायची नाही. कारण काय ते सांगते. पुस्तकात सुरुवातीलाच एलएफएस नावाचं एक व्हेरिएबल सेट करायला लावतात, त्यात तुमच्या नव्या पार्टिशनचा पत्ता असतो, आणि पुढची प्रत्येक कमांड "त्या पत्त्यावर बसव" असं सांगते. टर्मिनल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलं, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून काम करताय, की "त्या पत्त्यावर" चा अर्थ होतो "इथेच". नवीन ग्लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) तुमच्या चालू मिंटच्या डोक्यावर बसते आणि मिंट तिथल्या तिथे गार, फोल्डर दाखवणारी एलएस कमांड पण चालत नाही. म्हणून रोज बसल्यावर पहिली कमांड एकोने ते व्हेरिएबल छापून बघायची, पत्ता दिसला तरच पुढे. आणि पुस्तक जिथे एलएफएस नावाच्या साध्या युजरने काम करायला सांगतं तिथे त्यानेच करायचं, "रूटने पटकन होतं" करायचं नाही, साध्या युजरला होस्टच्या, म्हणजे चालू मिंटच्या, सिस्टम फाइलींवर लिहिताच येत नाही, तेच तुमचं संरक्षण आहे.

आता गंमत सुरू होते. कंपायलर म्हणजे जीसीसी हा पण एक प्रोग्रॅमच, तोही सोर्समधूनच बनवायचा, आणि तो बनवायला कंपायलर लागतो. घरात विरजण लावायला शेजारून थोडं दही आणतो ना, अगदी तसं, मिंटमधला जीसीसी हे तुमचं उसनं विरजण. पण उसन्या विरजणाचा गुण नव्यात उतरू नये म्हणून पुस्तक जीसीसी एकदा नाही तीनदा बनवायला लावतं. पहिला जीसीसी मिंटचा कंपायलर बनवतो, पण असा की तो मिंटच्या लायब्ररींकडे बघणारच नाही. त्याच्याकडून ग्लिबसी आणि बाकीची तात्पुरती हत्यारं, दुसरा जीसीसी त्यातलाच. मग क्रूट नावाची कमांड द्यायची, तिने नवं पार्टिशन हीच सगळी दुनिया असं त्या शेलला वाटायला लागतं, मिंट दिसायचीच बंद, आणि आत बसून तिसरा, कायमचा जीसीसी. लोक इथे कंटाळतात, म्हणतात एकच गोष्ट तीनदा का. नाही कंटाळायचं, माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. केन थॉम्प्सन, ज्याने सोबत्यांबरोबर युनिक्स ही लिनक्सच्या आधीची ओएस केली, त्याने १९८४ मध्ये छापून आलेल्या, कॉम्प्युटरमधल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हाच मुद्दा काढला होता, की कंपायलरमध्येच खोट असेल तर तुम्ही सोर्स कितीही तपासा, त्यातून बनलेला प्रोग्रॅम खोटाच निघेल, आणि त्या कंपायलरने बनवलेल्या पुढच्या कंपायलरमध्ये पण ती खोट जाईल. जीसीसी तीनदा बनवून त्या खोटीचा बंदोबस्त होतो असं नाही, पण तो काय बोलत होता ते मात्र हात घातल्यावरच कळतं.

ग्लिबसी झाल्यावर एक छोटी तपासणी येते, ती बहुतेक जण कॉपी-पेस्ट करून पुढे जातात. तुम्ही थांबा. काहीच न करणारा एका ओळीचा प्रोग्रॅम बनवायचा, आणि रीडएल्फ नावाच्या कमांडने बघायचं की हा चालायच्या आधी कोणाला बोलावतो. उत्तरात एक ओळ येते ज्यात एलडी-लिनक्स नावाच्या फाइलचा पत्ता असतो. हा लोडर. तुम्ही जो प्रोग्रॅम डबल क्लिक करता तो थेट पळत नाही, आधी हा लोडर येतो, लागणाऱ्या लायब्ररी गोळा करतो, मग प्रोग्रॅमला सोडतो. विंडोजमध्ये "अमुक डीएलएल मिसिंग" म्हणून एरर येते आणि आपण नेटवरून ती डीएलएल शोधून कुठेतरी टाकतो (टाकू नका हो, प्लीज, कुठल्याही साइटवरून उचललेल्या डीएलएलसोबत व्हायरस येऊ शकतात, मूळ सॉफ्टवेअर किंवा व्हिज्युअल सीचं पॅकेज परत टाका), ती एरर तिथला लोडरच देत असतो. दोन्हीकडे प्रकार एकच.

प्रत्येक पॅकेजला एक वही ठेवा आणि एकच ओळ लिहा, हे नसतं तर काय अडलं असतं. बिनयुटिल्स नसतं तर असेंबलर आणि लिंकर नाही. कोअरयुटिल्स नसतं तर एलएस नाही, सीपी नाही, म्हणजे फोल्डरमध्ये काय आहे हे सुद्धा बघता येणार नाही. आपल्याला वाटतं एलएस हे लिनक्समध्येच असतं, तर नाही, तो कोणीतरी लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम आहे आणि कर्नलला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. युटिल-लिनक्स नसतं तर माउंट नाही. चाळीसेक ओळी झाल्या की ओएस नावाची एक वस्तू नसतेच हे तुमचं तुम्हालाच दिसेल, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दशकांत लिहिलेले तुकडे आहेत सगळे, आणि मिंटवाले काय, डेबियनवाले काय, तेच तुकडे जुळवून देतात.

आता खरं बोलायचं ते बोलते, रागावू नका. तुमच्या धंद्याने तुम्हाला एक सवय लावलीय, अडलं की फॉरमॅट. धंद्यात ती बरोबर आहे, गिऱ्हाईक उभं असतं, तासात पीसी पाहिजे असतो, एरर वाचत बसायला वेळ कोणाला. पण तुम्ही म्हणता ना की इतकी वर्षं करून आतलं कळलं नाही, ते त्या सवयीमुळेच. फॉरमॅट मारल्यावर रोग पण जातो आणि रोग काय होता ते पण जातं. एलएफएसमध्ये अडणारच, सगळ्यांचं अडतं, आणि तिथे पहिल्यापासून सुरू करायचा मोह होईल. तेवढा आवरा. जिथे अडलंय तिथेच बसा.

एरर कशी वाचायची ते सांगते, कारण ते पुस्तक फारसं सांगत नाही. शेवटी जी ओळ येते, मेक (पॅकेज बनवणारी कमांड) आणि तीन स्टार आणि एरर २, ती बिनकामाची, ती फक्त "खाली काहीतरी फिसकटलं" एवढं सांगते. वर जा. वर वर जात पहिल्यांदा एरर हा शब्द जिथे आलाय तिथे थांबा. चार कोर एकदम लावले असतील तर चौघांच्या ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि काहीच उमगत नाही, तेव्हा मेक परत द्या पण जे १ लावून, म्हणजे एकच काम एका वेळी, मग एरर बरोबर शेवटाला येऊन थांबते. एक एरर तर मी आत्ताच सांगून ठेवते, जीसीसी बनताना "इंटर्नल कंपायलर एरर : किल्ड" असं आलं तर तुमचं काहीही चुकलेलं नाही, रॅम संपली आणि कर्नलने कंपायलरला मारलं. स्वॅप, म्हणजे डिस्कवरची उसनी रॅम, वाढवा, जे २ लावा, परत चालवा.

आणि एक, पॅकेजचं काम झालं की उघडलेलं फोल्डर डिलीट. जीसीसी दुसऱ्यांदा बनवायचा तर उतरवलेली सोर्सची टार फाइल परत उघडायची, मागचंच फोल्डर वापरायचं नाही. यात फार लोक फसतात आणि मग भलत्याच ठिकाणी एरर येते.

वेळेचं गणित. पुस्तकात एसबीयू म्हणून माप आहे, पहिलं बिनयुटिल्स बनायला तुमच्या मशीनला जेवढा वेळ लागेल तो तुमचा एक एसबीयू. समजा पाच मिनिटं लागली, तर शेवटचा जीसीसी टेस्टसकट चाळीस एसबीयूच्या वर आहे, म्हणजे तीन तासांच्या पुढेच. तो रात्री लावून घरी जा. लाइट गेली तर? यूपीएस असेलच दुकानात, पण तासभर गेली तर मशीन बंद होणारच. नुसतं मध्येच थांबलं असेल तर मेक परत दिलं की जिथे होतं तिथून पुढे चालू होतं, पण अचानक लाइट गेली असेल तर एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहते आणि मेकला वाटतं ही झालेली आहे. अशा वेळी हट्ट नको, त्या एका पॅकेजचं फोल्डर उडवा आणि तेवढं परत करा. (हो, फक्त त्या पॅकेजचं. अख्खं पार्टिशन फॉरमॅट नाही!) दुकान सांभाळून, रोज संध्याकाळी तास-दीड तास धरलं तर दोन-अडीच महिने धरून चला.

शेवटाकडे कर्नल येतो आणि इथे तुम्ही कॉलेजच्या पोरांना भारी पडाल. मेक मेनुकॉन्फिग दिलं की निळ्या स्क्रीनवर हजारो पर्याय उघडतात, कुठला साटा कंट्रोलर, कुठलं नेटवर्क कार्ड, आणि पोरांना स्वतःच्या लॅपटॉपमध्ये काय आहे तेच माहीत नसतं. तुम्हाला रिअलटेकची चिप बोर्डवर बघूनच ओळखता येते. तरी मिंटमधून एलएसपीसीआयला के लावून चालवा, कुठल्या हार्डवेअरला कुठला ड्रायव्हर लागलाय ते सरळ लिहून येतं, त्याची प्रिंट काढून शेजारी ठेवा.

मग रीबूट, आणि ऐंशी टक्के शक्यता धरा की कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकल्याचा संदेश, येईल. "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक" आणि पुढे कंसात दोन आकडे. हे आकडे कोणी बघत नाही, पण सगळं त्यातच आहे. शून्य, शून्य असेल तर कर्नलला ती डिस्क सापडलेलीच नाही, म्हणजे साटा डिस्कचा एएचसीआय ड्रायव्हर राहिला किंवा ग्रबमध्ये रूट पार्टिशनचं (जिथे ओएस बसलीय त्याचं) नाव चुकलं. आठ, दोन असं काही असेल तर डिस्क सापडली, पार्टिशन पण सापडलं, आत वाचता येत नाहीये, म्हणजे ईएक्सटी४ या फाइलसिस्टमचं राहिलं. आणि राहिलं म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही त्यावर स्टारच्या ऐवजी एम केलेला असतो. स्टार म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आतच, एम म्हणजे वेगळी फाइल, जी डिस्कवर असते, आणि डिस्क वाचायचा ड्रायव्हरच डिस्कवर ठेवला तर तो वाचणार कोण? मिंट-उबंटूवाले यासाठीच सोबत इनिटरॅमएफएस नावाची एक छोटी तात्पुरती फाइलसिस्टम देतात, ती रॅममध्ये उघडते, तिच्यात ड्रायव्हर असतात, ती खरी डिस्क जोडून देते आणि बाजूला होते. उबंटूचा पीसी कधी काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएस लिहून अडकलेला आला असेल ना दुकानात? ते हेच, रूट डिस्क जोडता आली नाही म्हणून मध्येच अडकलंय, आणि बऱ्याचदा डिस्क तपासणारं एफएससीके चालवलं की उठतं. पेनड्राइव्ह लावल्यावर डिस्कचं नाव एसडीए चं एसडीबी होऊन पण हीच बोंब होते, म्हणून ग्रबमध्ये पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख नंबर, लिहा.

बायकोला काय सांगायचं ते इथून निघतं. क्रूट तुम्ही इथे ओएस बनवायला शिकताय, पण दुकानात तीच गोष्ट रिपेअरिंगला लागते. न उठणारा लिनक्सचा पीसी आला, पेनड्राइव्हवरून मिंट उठवा, त्याचं पार्टिशन माउंट करा, डेव्ह-प्रॉक-सिस हे कर्नलचे फोल्डर जोडा, क्रूट मारून आत जा, ग्रब परत बसवा, पंधरा-वीस मिनिटांत पीसी जसाच्या तसा, ना डेटा हलला ना सॉफ्टवेअर गेलं. विंडोजला क्रूट नाही पण बूटची साखळी कळली की तिथे पण फॉरमॅटच्या आधी हात थांबतो, ईएफआय पार्टिशनमधल्या बूट फाइलीच उडाल्या असतील तर बीसीडीबूट नावाची कमांड त्या परत लिहून देते. लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा आहे तिथेच ठेवून पीसी परत देणारा माणूस फॉरमॅटपेक्षा जास्त पैसे घेऊ शकतो, आणि लोक देतात. तेव्हा दुकान सोडून नाही, दुकानासाठीच चाललंय असं सांगा. पण दुकानाच्या वेळात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून कंपाइल बघत बसलात तर मी वहिनींच्या बाजूने.

आता ती विकायची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते म्हणून चांगल्या चालणाऱ्या मशीन अडकल्या, तुमची कळकळ समजते. पण एलएफएसमध्ये पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप बसवणारा-अपडेट करणारा प्रोग्रॅम, नसतो. म्हणजे उद्या ओपनएसएसएलमध्ये किंवा ग्लिबसीमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं की मिंटवाल्याला अपडेटचं बटण येतं, आणि तुमच्या गिऱ्हाईकाला काही येत नाही, तुम्हीच नवा सोर्स आणून कंपाइल करून घरोघरी जाऊन टाकायचा. रीबूट झाल्यावर एलएफएसमध्ये दिसते ती काळी स्क्रीन आणि लॉगिन, बास. ब्राउझर नाही, माउस नाही, डब्ल्यूगेट सुद्धा नाही, ते सगळं बियाँड एलएफएस नावाच्या दुसऱ्या पुस्तकात. ज्या माणसाला लाइटबिल भरायचंय त्याला हे देणार? त्या जुन्या पीसींना सरळ मिंट टाका, आणि टाकायच्या आधी तोंडाने विचारा, टॅली वापरता का, आधारची अंगठ्याची मशीन जोडता का, प्रिंटर कुठला. टॅली विंडोजचं आहे. उत्तर हो आलं तर लिनक्स टाकून त्यांना अडकवू नका, आणि नाही आलं तर पेनड्राइव्हवरून अर्धा तास चालवून दाखवा मगच टाका.

मराठी नावाचं मात्र जरूर करा, त्याला कोणाची ना नाही. शेवटच्या प्रकरणात ओएस-रिलीज नावाची फाइल स्वतः लिहायची असते, तिथे नाव तुमचं. ग्लिबसी बसवताना लोकॅल, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंग, येतात त्यात मराठी-इंडियाचं पण आहे, ते बसवा, आणि क्रूटमध्ये असतानाच एलसी-ऑल या व्हेरिएबलला ते देऊन डेट कमांड चालवून बघा, महिना मराठीत येईल. क्रूटमध्ये असतानाच असं का म्हणते, तर तेव्हा टर्मिनल मिंटचं असतं, त्याला देवनागरी दाखवता येते. तुमच्या स्वतःच्या सिस्टमच्या काळ्या कन्सोलवर नुसते चौकोन दिसतील, कारण कर्नलच्या कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ चिन्हांचा फॉन्ट चालतो आणि वेलांटी-जोडाक्षरं जुळवायची अक्कल त्याला नाहीच. ते बिघडलंय असं समजू नका. ग्राफिक्स बसवाल तेव्हा दिसेल.

स्वतःचा कर्नल लिहायचा किडा एलएफएसनंतर पण वळवळत राहिला तर सहा महिने सी करा आणि एमआयटीची एक्सव्ही६ ही छोटी ओएस उघडा, २००६ पासून शिकवायलाच केलेली आहे, सत्तरच्या दशकातल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून, एवढीशी आहे की सगळा कोड छापून वाचता येतो, आणि क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये चालते म्हणजे मशीन अडकवायला नको. त्याचं सविस्तर तेव्हा विचारा.

सोमवारपासून काय करायचं तर मशीन जुळवा, मिंट टाका, पुस्तक उतरवा आणि दुसऱ्या प्रकरणात तुमच्या होस्टवर काय कमी आहे ते तपासणारी स्क्रिप्ट आहे ती चालवा. मिंटवर बहुतेक बायसन, गॉक, मेकइन्फो ही हत्यारं नाहीत म्हणून ओरडेल, आणि एसएच कमांड बॅश या शेलकडे जात नाही म्हणून पण, कारण तिथे ती डॅश या दुसऱ्या शेलकडे जाते. तेवढं सरळ करून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि अडलात तर इथेच लिहा, पण फोटो काढून शेवटची ओळ पाठवू नका, वरची पहिली एरर पाठवा, सोबत पुस्तकाची आवृत्ती कुठली, पॅकेज कुठलं, कितव्या फेरीचं, आणि तेव्हा तुम्ही क्रूटच्या आत होता का बाहेर.